केळबंदरचा धक्का

९ नोव्हेंबर, शनिवार

करिष्मा मारुंजीहून आली ती खोकं घेऊनच. आत कॅमेरा. तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी नवा घेतला म्हणून त्याचा जुना हिने घेतला. म्हणाली, "आई, तू मोबाइलवर काढलेले फोटो माझ्या मैत्रिणी मागून घेतात. आता नीट शीक." मी म्हटलं, पन्नाशी उलटल्यावर काय शिकायचं? पण ती गेल्यावर दोन तास त्याच्याशी खेळत बसले. हे गेल्यापासून घरात संध्याकाळी एवढा वेळ कसा गेला ते कळलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

डावा डोळा मिटायचा आणि उजवा काचेला लावायचा. करिष्माला नुसता डावा डोळा मिटताच येत नाही. मला पहिल्याच फटक्यात जमलं. मिटला काय नि उघडा ठेवला काय, मला काही फरकच पडत नाही.

एकोणीस वर्षं चाकणच्या कंपनीत सील तपासतेय. गाडीच्या ब्रेकमध्ये बसणारं रबराचं कडं, अंगठीएवढं. त्याची कड केसाएवढी फाटली असली तरी मी बाजूला काढते. अशा बाईला कॅमेरा जड जाऊ नये.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कँटीनमध्ये नोटीस लागली आहे. कंपनीच्या पंचविसाव्या वर्षाच्या कॅलेंडरला कामगारांनी स्वतः काढलेले फोटो हवेत. महाराष्ट्रातल्या जुन्या जागा. बारा निवडणार, खाली नाव छापणार. वीस जानेवारीपर्यंत मुदत.

गिरजाने मला कोपराने ढोसलं. ती माझ्या डाव्या हाताच्या टेबलावर बसते, मी लागले त्याच महिन्यात लागली. म्हणाली, "इंदे, माझ्या माहेरी चल. केळबंदरला. शिवकाळापासूनचं बंदर आहे, आजोबा सांगायचे अरबस्तानाची गलबतं लागायची. आता दगडी धक्का आणि दिव्याचा मनोरा उरलाय. थंडीत सूर्य बरोबर मनोऱ्याच्या बाजूला बुडतो. तसा फोटो ह्यांच्यातल्या एकाला मिळायचा नाही."

डोक्यात बसलं ते बसलंच. दिवसभर सीलं बघताना मला समुद्र दिसत होता.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

वाईट दिवस. गिऱ्हाईक कंपनीकडून तक्रार आली. सात सीलं फाटक्या कडेची गेली आणि सातही माझ्या टेबलाची. प्रज्वल क्वालिटीचा इंजिनिअर, करिष्माहून लहान. सगळ्यांसमोर काही बोलला नाही. बाजूला घेऊन म्हणाला, "इंदुताई, तुमच्या टेबलाचं असं कधी झालं नव्हतं. तब्येत बरी आहे ना?"

मी सांगितलं, वरची ट्यूब लुकलुकते. त्याने लगेच बदलून दिली. आता उजेड डोळ्यात खुपतो एवढाच फरक.

सकाळी उठलं की कपाळ ठणकतं. रात्री दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात, लग्नातल्या रोषणाईसारखी. कॅमेऱ्यात ती का येत नाहीत कोण जाणे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

वर्षाची डोळे तपासणी. भिंतीवर तोच तक्ता, दरवर्षीचा. माझ्यापुढे आमच्याच लाइनवरची स्वरूपा होती, ती खणखणीत आवाजात वाचत होती. डावा डोळा झाकून मी वाचलं, अगदी खालची ओळही. मग उजवा झाकायला सांगितला. काही दिसेना. हाताचा दाब पडला असेल. डॉक्टर कागदावर लिहीत होते, प्रज्वल दाराशी उभा होता, रांग मोठी. मी बोटांत जराशी फट केली आणि वाचून टाकलं. शिक्का मिळाला, दोन्ही डोळे उत्तम.

ह्यात फसवणूक अशी काही नाही. दोन्ही डोळ्यांनी बघते तेव्हा सगळं दिसतंच की. कामावर कोण एक डोळा झाकून बसतं?

गिरजा माझ्या मागे होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "बोटं अशी का धरली होतीस?"

"कशी?"

"जाऊ दे," म्हणाली. पण बसमध्ये सबंध रस्ता खिडकीबाहेर बघत बसली. तिला काय झालं कळलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी सरावासाठी मोशीला इंद्रायणीच्या पुलाकडे गेले. सूर्य उतरताना पाण्यावर कॅमेरा धरायचा, बटण दाबून ठेवायचं, मग सटासट पाच-सहा फोटो निघतात. त्यातला एक लागतो. आजचे दोन लागले.

येताना भोसरीच्या अलीकडे एक टेम्पो डावीकडून असा अंगावर आला की माझ्या स्कूटरचा आरसाच घेऊन गेला. माणूस ओरडत होता, "मावशी, हॉर्न देतोय केव्हाचा, बघता कुठं?" म्हणे मीच त्याच्या पुढ्यात वळले. हल्ली कुणी नीट चालवतच नाही. गेल्या महिन्यातही फाटकाला गाडी घासली ती डाव्याच बाजूने.

आरसा नाही लावला अजून. तसा मी त्यात बघत नव्हतेच.

६ डिसेंबर, शुक्रवार

ह्यावर्षी चैत्यभूमीला गेले नाही. वस्तीतल्या बायका बोलवायला आल्या होत्या. सांगितलं, डोकं दुखतंय. खरं म्हणजे गर्दीची धास्ती वाटते. गेल्या वर्षी माणसं एकदम कुठूनही समोर उगवायची. घरीच बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. लावताना बोट भाजलं.

१४ डिसेंबर, शनिवार. केळबंदर

सकाळी वल्लभनगर स्टँडवर गिरजाला सोडायला तिचा नवरा खंडूभाऊ आला होता. भोसरी गावठाणातला जुना माणूस, लेथवर काम करतो, बोलणं कमी. गाडी सुटताना म्हणाला, "दोगी जपून ऱ्हावा. समुद्राचं काय खरं न्हाई." गिरजा हसली. म्हणाली, "ह्यांनी आयुष्यात समुद्र बघितला तो लग्नात."

तिच्या भावाकडे, पिंटूकडे उतरलो. घरापासून बंदर दहा मिनिटांवर. संध्याकाळी बघून आलो, ढग होते म्हणून फोटो घेतला नाही. काळ्या दगडांचा लांबलचक धक्का समुद्रात गेलेला. टोकाला मनोरा, बंद पडून तीस वर्षं झाली म्हणे. धक्क्याची एक कड भरतीने खाल्ली आहे, मोठमोठे चिरे निखळून खाली पडलेत. कठडा नाही. ओहोटीला खाली नुसते खडक, शेवाळलेले, सुरीसारखे.

पिंटू म्हणाला, "ताई, फोटो काढताना उजव्या अंगाला राहा हो. दोन वर्षांपूर्वी एक जण पडला तो हाताला लागला नाही."

मला जागा आवडली. आवडली म्हणजे, तिथून नजर निघेना. पण वारा असा होता की आपलंच बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि गिरजाने परत येईपर्यंत माझा दंड धरून ठेवला होता. मी काय लहान आहे?

१६ डिसेंबर, सोमवार. तालुक्याच्या दवाखान्यात

लिहायला हात चालत नाही, पण लिहिलं नाही तर आठवणीत उलटसुलट होईल.

काल साडेपाचला आम्ही धक्क्यावर गेलो. आभाळ स्वच्छ होतं. गिरजा माझ्या मागे एका चिऱ्यावर बसली, कांदाभजी खात. मी टोकाकडे तोंड करून उभी. सूर्य मनोऱ्याच्या उजवीकडे होता, त्याला मनोऱ्याच्या काचेच्या खोलीमागे आणायचं होतं, म्हणजे मला डावीकडे सरकायला हवं. डोळा काचेला लावून मी बटण दाबून धरलं आणि एकेक पाऊल बाजूला घेत गेले. एक पाऊल, दुसरं, तिसरं. एक मच्छीमार बोट धडधडत आत येत होती, वारा कानात. मग सूर्य बरोबर मनोऱ्याच्या काचेमागे आला. बंद मनोरा पेटल्यासारखा दिसला. मी श्वास धरला होता.

डाव्या खांद्याला काहीतरी लागलं. पिशवी असेल असं वाटलं. मी झटकली.

कॅमेरा खाली घेऊन मागे बघितलं तर चिऱ्यावर भज्यांचा कागद, गिरजा नाही. हाका मारल्या. बोटीवरचे लोक हात करून खाली दाखवत होते. कडेला जाऊन बघितलं तर ती खडकांवर, पाय भलत्याच बाजूला वळलेला. तिचे डोळे उघडे होते. ती मला म्हणाली, "मागे हो. मागे हो आधी."

कोळ्यांनी तिला फळीवर घालून आणली. मांडीचं हाड आणि कमरेचा खुबा, दोन्ही मोडलेत. डॉक्टरांनी विचारलं, पडलात कशा? ती म्हणाली, "शेवाळं होतं. पाय घसरला."

ती माझ्या मागे बसली होती. मग माझ्या डावीकडे खाली कशी गेली?

१९ डिसेंबर, गुरुवार

गिरजाला पिंपरीला आणलं, ऑपरेशन झालं, आत सळई घातली. चालेल का, ते डॉक्टर सांगत नाहीत. खंडूभाऊ कॉटच्या पायथ्याशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. त्याने विचारलं, "तुमी कुटं हुता तवा?" मी सांगितलं, तिथेच होते, मला दिसलं नाही. गिरजा लगेच म्हणाली, "अहो, ती फोटो काढत होती. तिला काय डोळे आहेत पाठीला? मला पाणी द्या."

नंतर आम्ही दोघीच असताना तिने माझा हात धरला. "इंदे, डोळे दाखवून ये. कंपनीतल्या डॉक्टरला नाही, बाहेर."

"माझ्या डोळ्यांचं काय मध्येच?"

"दाखवून ये म्हणते ना."

औषधाच्या गुंगीत माणूस काहीही बोलतं.

२२ डिसेंबर, रविवार

करिष्मा आली. कॅमेऱ्याला मी त्या दिवसापासून हात लावला नव्हता. तिने फोटो लॅपटॉपवर घेतले आणि शेवटचा आधी उघडला. सूर्य, मनोरा, पाणी, बाकी काहीच नाही. माझ्या हातून इतका चांगला फोटो निघेल असं वाटलं नव्हतं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

मग ती एकेक मागे जाऊ लागली. चौथ्यावर थांबली.

"आई, मावशी मागे बसली होती म्हणालीस ना?"

"हो."

"मग हे कोण?"

फोटोत डावीकडे गिरजा होती. हातभर अंतरावर. लुगड्याचा पदर वाऱ्यावर, तोंड उघडं, दोन्ही हात माझ्याकडे पसरलेले. चेहरा जरा हलल्यामुळे पुसट. तिसऱ्या फोटोत ती दोन पावलं लांब, धावत येताना. दुसऱ्यात माझ्या बगलेतून नुकती पुढे आलेली. तिन्ही फोटो मी काढले आहेत. तिन्ही वेळा माझा डोळा काचेला होता. मला त्यात फक्त मनोरा दिसत होता.

"मला ती दिसलीच नाही," मी म्हटलं.

करिष्माने माझ्या उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला, घट्ट. "किती बोटं?"

मी थांबले. घरात काळोख झाल्यासारखं वाटलं. दिवे गेले असतील. म्हटलं, "दाखव तरी."

"दाखवतेय, आई."

ती हात काढेना आणि मीही तिला काढ म्हणेना. पंख्याची घरघर ऐकू येत होती. म्हणजे दिवे होते.

२४ डिसेंबर, मंगळवार

काचबिंदू. डावा डोळा पूर्ण गेला आहे, बहुधा वर्षापूर्वीच. उजव्याच्या कडा गेल्यात, मधलं तेवढं राहिलंय, पाइपातून बघावं तसं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं. थेंब चुकवायचे नाहीत. गाडी आजपासून बंद. तुम्हाला कळलं कसं नाही?

कळलं नाही असं नाही. बोटांत फट मीच केली होती. पण हे तिथे बोलले नाही. करिष्मा शेजारी बसली होती.

२७ डिसेंबर, शुक्रवार

गिरजाकडे गेले. तिला घरी आणलंय, खंडूभाऊ कामावर होता. मी डॉक्टरांचा कागद पुढे केला. तिने वाचलासुद्धा नाही.

"ठाऊक आहे मला. वर्षभर तुझा ट्रे मी परत बघत होते. तू जेवायला उठलीस की. आधी एखाददुसरं फाटकं निघायचं, मग दहा-बारा. दिवाळीनंतर मी चार दिवस रजेवर होते ना, तेव्हाची ती सात."

"बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुझं टेबल गेलं असतं. मला वाटलं, दिवस निघून जातील." मग म्हणाली, "चुकलंच माझं. धक्क्यावर तरी न्यायला नको होतं. मला आपलं वाटायचं, मी आहे बरोबर."

मी विचारलं, माझा धक्का लागला तुला? ती म्हणाली, "ह्यांना सांगू नकोस. मी घसरले. ह्यांचं डोकं फिरलं तर आवरायचं नाही."

तिथून तशीच रिक्षाने चाकणला गेले. प्रज्वलला सगळं सांगितलं, बोटांच्या फटीपासून. गिरजाचं नाव घेतलं नाही. तो खुर्चीत मागे टेकला. "ताई, कधीपासून?"

"माहीत नाही."

"अंदाजे तरी. कुठला माल थांबवू मी? वर्षभराचा रस्त्यावर आहे."

त्याने फोन उचलला आणि ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी म्हणाला, "तुम्ही घरी जा." माझं ओळखपत्र फाटकावर काढून घेतलं. बाहेर हायवेवर ट्रक, टेम्पो, दुचाक्या, बस. सिग्नलला सगळ्या एकदम ब्रेक दाबतात तेव्हा होतो तो आवाज. मी रस्ता ओलांडायला अर्धा तास उभी होते.

४ जानेवारी, शनिवार

गिरजाने नको म्हटलं होतं. पण खंडूभाऊ रोज कामावरून येऊन तिचं सगळं करतो, आणि मी गेले की मलाच चहा करून देतो. आठ दिवसांत तो चहा मला गिळवेना. करिष्माला सांगून चौथ्या फोटोची प्रत काढून घेतली.

संध्याकाळी गेले तर तो ओट्यावर बसला होता. गिरजा आतल्या खोलीत. मी फोटो त्याच्या हातात दिला.

"ह्यो कशापायी?"

"बघा."

त्याने उजेडाकडे धरला. "ही गिरजा हाय."

"हो."

"असं हात का केल्यात?"

मी सांगितलं. डोळा, तपासणी, बोटांची फट, खांद्याला लागलं ते, मी झटकलं ते. त्याने फोटो खाली ठेवला नाही.

"म्हंजी तुमी तिच्या अंगावर येताय ते तिला दिसत हुतं."

"दिसत होतं."

"मग सरकली का न्हाई बाजूला?"

"माझ्या डावीकडे धक्का संपत होता, भाऊ. मी कडेकडे चालले होते. ती मला धरायला आली होती."

तो बसूनच राहिला. त्याचे हात लेथवाल्यांचे असतात तसे, बोटांच्या चिरांत काळं बसलेलं. मला वाटलं, आता मारील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

आतून गिरजाने विचारलं, "कोण आलंय हो?"

"कोन न्हाई," तो म्हणाला. "पड तू."

मग उठला. फोटो सदऱ्याच्या खिशात घातला, माझा दंड धरला, गिरजा धरायची तसाच, आणि मला गल्लीतून चौकापर्यंत चालवत नेलं. दिवस बुडत होता. पायरी आली की थांबायचा, मी उतरले की पुढे. शेअर रिक्षा थांबवून मला आत बसवलं.

"परत येऊ नका," म्हणाला. मग रिक्षावाल्याकडे वळून, "ह्यास्नी संत तुकाराम नगरात दारापत्तूर सोड. दिसत न्हाई त्यांना."

मी ते खोडून काढलं नाही.